अग्निशमनची गाडी येईपर्यंत: खेड्यातलं घर आगीसाठी तयार कसं ठेवावं

विदर्भातल्या एखाद्या खेड्यात तुम्ही नव्यानं बिऱ्हाड मांडलं असेल, मग ते बदली होऊन आलेल्या शिक्षकाचं असो, भावांच्या वाटणीनंतर वेगळं निघालेल्या जोडप्याचं असो की पुण्याची नोकरी सोडून शेती पाहायला आलेल्या पोराचं, एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. ग्रामपंचायतीकडे अग्निशमनची गाडी नसते. ती नगरपरिषदेकडे, नगरपंचायतीकडे किंवा एमआयडीसीत उभी असते, म्हणजे बहुतेक वेळा तालुक्याला. गाडीत पाणी भरलेलं असलं, ड्रायव्हर जागेवर असला आणि रस्ता धड असला तरी अर्धा-पाऊण तास धरून चाला. वाळल्या कुटाराची (मळणीनंतर उरलेल्या भुसकटाची) गंजी राख व्हायला तेवढा वेळ लागत नाही.

शहरी लोकांसाठी छापलेली पत्रकं जिना, लिफ्ट आणि धुराच्या भोंग्याबद्दल सांगतात. आपल्याकडे आहे कुटार, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), घरात भरलेला कापूस, कवेलूखालचं (कौलांखालचं) जुनं लाकूड, पंचेचाळिशी ओलांडणारं ऊन आणि दुपारचा गरम वारा. माझं मत असं की नव्या माणसानं विझवायच्या सामानावर पैसे घालण्याआधी घरातल्या नि आवारातल्या वस्तूंच्या जागा बदलाव्यात. पेटणारा माल आणि पेटवणारी वस्तू एकमेकांपासून लांब नेली की निम्मी भीती जाते, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

आधी भर दुपारी एक फेरी

फेब्रुवारी सरता सरता एखाद्या दिवशी दुपारी घराभोवती हळूहळू फिरा. सकाळी नको, सकाळी वारा नसतो. आवारात धुरळा कोणत्या बाजूनं उडत येतो ते पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून वाहतो. म्हणजे घराच्या पश्चिमेला गंजी असेल तर तिच्यातली ठिणगी थेट तुमच्या छपरावर येणार. गंजी पूर्वेला असली तर तीच ठिणगी घरापासून दूर जाईल. आवाराची ठेवण निराळी असेल, बाजूला उंच भिंत असेल तर वारा वळतोही, म्हणून पुस्तकी दिशेपेक्षा डोळ्यांनी दिसलेल्या धुरळ्यावर भरवसा ठेवा.

फिरताना शेजाऱ्याचं आवारही पाहा. कवेलूची घरं एकमेकांना खेटून असतात, पाख्याला (छपराच्या उताराला) पाखं लागलेलं असतं. त्याची चूल तुमच्या कुडाच्या भिंतीला लागून असेल तर ते तुमचंही काम आहे. हे बोलायला अवघड जातं, पण मार्चच्या आत बोलून घ्या.

आणखी एक नोंद करा: दुपारी बारा ते चारमध्ये घरात कोण असतं? धडधाकट माणसं वावरात (शेतात), मजुरीला किंवा नोकरीवर. शाळा सकाळची झालेली, म्हणून घरी पोरं आणि म्हातारी माणसं. खाली जे काही सांगितलं आहे ते त्यांना जमेल असं बसवा. तुम्हाला जमून उपयोग नाही.

कुटार, तणस, पऱ्हाटी

माझ्या मते खेड्यातल्या आगीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सोयाबीन-तुरीचं कुटार, जवारीचा कडबा, पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानाची तणस (भाताचा पेंढा) हा सगळा वर्षाचा चारा असतो. तो कोठ्याला (गोठ्याला) लागून रचायची पद्धत आहे, कारण रोज टोपलं भरून आणायला सोपं पडतं. गंजी हलवायची म्हटली की घरातली म्हातारी विचारणारच, “एवढ्या दुरून रोज कुटार कोन आनल बाप्पा?” प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय असा की दोन दिवसांचं कुटार पोत्यांत भरून कोठ्यात ठेवा आणि मुख्य गंजी घरापासून व कोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब रचा. जागा असेल तर शंभर. तेवढं आवारच नसेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन-तीन लहान गंज्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत करा. एक पेटली तर बाकीच्या वाचवता येतात आणि जनावरं उपाशी मरत नाहीत.

विजेच्या तारेखाली गंजी कधीच नको. वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना घासल्या की वितळलेल्या धातूचे थेंब खाली पडतात. वावरात कापून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाला, म्हणजे सुडीला, आणि धानाच्या ढिगाला, म्हणजे पुंजण्यालाही हाच नियम. शिवाय सुडी रस्त्याच्या कडेला लावू नका. जाता जाता कोणी बिडीचं थोटूक टाकतं, आणि खरं सांगायचं तर गावातल्या वैरापोटी रात्री सुडी पेटवल्याच्या बातम्या दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतातच. सुड्या विभागून लावणं हा त्यावरही थोडाफार उतारा आहे.

पऱ्हाटीचं वेगळं. सरपण म्हणून तिचा ढीग घरामागे वर्षभर पडून असतो. पऱ्हाटी पोकळ रचली जाते, आत हवा खेळते, म्हणून ती फार जोरात पेटते. त्यात वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या राहतात आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येतात. २०१७ मध्ये या अळीनं यवतमाळ, अकोला, अमरावतीकडे काय केलं ते कापूसवाल्यांना विसरता येणार नाही. तेव्हा महिना-दीड महिन्याच्या चुलीपुरती पऱ्हाटी ठेवा, बाकीची श्रेडरनं बारीक करून वावरात मिसळा. गावात कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर श्रेडर मिळतो.

ओलं कुटार हा आणखी एक छुपा प्रकार. मळणीच्या वेळी पाऊस आला आणि कुटार अर्धवट ओलं असतानाच गंजी लावली, तर ते आतून तापत जातं. काडी न लावताही पेटू शकतं. गंजीजवळ गोडसर, करपट वास येऊ लागला किंवा सकाळच्या गारव्यात वाफ दिसली, तर लोखंडी सब्बल (पहार) आतपर्यंत खुपसून पंधरा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर गंजी तशीच उकलू नका, कारण आतल्या गरम कुटाराला हवा लागताच भडका उडतो. आधी चार माणसं बोलवा, पाण्याचे ड्रम भरून घ्या आणि मग कडेकडेनं, पाणी मारत उकला.

धुरा (शेताचा बांध) जाळण्याबद्दल: एप्रिल-मेमध्ये धुऱ्यावरचं गवत पेटवायची सवय आहे आणि ती मला पटत नाही. गवत कापा, वखरानं कडेला सहा-आठ फुटांचा काळ्या मातीचा मोकळा पट्टा काढा. हा पट्टा दुसऱ्याच्या वावरातून येणारी आगही अडवतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा मेळघाटात जंगलाला लागून राहत असाल तर असा पट्टा घराभोवतीही हवा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवून देतात, त्यातून वणवा लागतो; पाला झाडूनही काढता येतो. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. जंगलात धूर दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

घरात भरलेला कापूस

भाव पडले की कापूस घरातच राहतो. पुढच्या खोलीत, माळ्यावर, कधी पलंगाखालीही. नव्या माणसाला कापूस निरुपद्रवी वाटतो, खाज सोडली तर. पण तो पेटला की ज्वाळा वरच्या थरावरून सरकन धावते आणि मग आत धुमसत राहते. वरून पाणी ओतलं तर ते बाजूनं वाहून जातं, आतला निखारा तसाच. विझला म्हणून लोक झोपतात आणि पहाटे पुन्हा भडका.

कापूस भरण्याआधी त्या खोलीतली वायरिंग पाहून घ्या. स्विचबोर्ड कापसाच्या ढिगात गाडला जाणार असेल तर त्या खोलीची लाइन मेनवरूनच बंद करा. उजेडासाठी बॅटरी वापरा. तिथे मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, देवाचा दिवा लावायचा नाही, बिडी तर नाहीच. दाराकडे जायला हातभर वाट मोकळी ठेवा. आणि त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, पाहुणे आले तरी. कापसाचा धूर माणसाला जाग येण्याआधीच बेशुद्ध करतो.

पेटलाच आणि आग अजून लहान असेल तर पेटलेला भाग दाताळ्यानं ओढून बाहेर मोकळ्यात पसरा, भिजवा, आणि निदान एक रात्र त्यावर लक्ष ठेवा. खोली धुरानं भरली असेल तर आत शिरू नका. कापूस जाऊ द्या.

चूल आणि सिलिंडर

उज्ज्वला योजनेतून गॅस आला, पण पाण्याला, भाकरीला चूल राहिलीच. त्यामुळे बऱ्याच स्वयंपाकघरांत पेटती चूल आणि सिलिंडर हातभर अंतरावर दिसतात. ही जोडी तोडा. शक्य असेल तर चूल छपरीत न्या, नाहीतर दोघांना खोलीच्या विरुद्ध टोकांना ठेवा. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली जमिनीवर आणि कायम उभा. आडवा करून शेवटचा गॅस काढायचा प्रकार तर करूच नका.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याशी साचतो आणि शेजारच्या खोलीतल्या चुलीपर्यंतही पोचतो. वास आला तर बटण दाबू नका, चालूही करू नका आणि बंदही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, चूल किंवा दिवा पेटता असेल तर विझवा, पोरांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ वर फोन करा. हा गॅस गळतीसाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे.

सिलिंडर घेताना दोन गोष्टी डिलिव्हरीवाल्यासमोरच पाहा. पहिली, वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूचा शिक्का. तिथे इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. सी आणि २७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत चाचणीची मुदत. मुदत संपलेली असेल तर परत द्या. दुसरी, टोपी काढून वॉशर आत आहे का आणि गळती नाही ना. साबणाचा फेस लावला की बुडबुडे लगेच दिसतात. नळी आयएसआय शिक्क्याची जाड नारिंगी सुरक्षा नळीच हवी आणि ती पाच वर्षांनी बदलायची. खेड्यात उंदीर नळी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा ओट्याखाली हात घालून ती चाचपायची.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही. पाणी पडताच जळतं तेल उडून छपरापर्यंत जातं. गॅस बंद करा, वर ताट किंवा झाकण सरकवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. पोळ्याला, दिवाळीला तळण निघतं तेव्हा मोठं ताट कढईच्या शेजारीच ठेवत जा.

चुलीची राख वरून विझलेली दिसते. आत निखारा सकाळपर्यंत राहतो, आणि दुपारी ती उकिरड्यावर फेकली की वारा त्याला फुंकर घालतो. राख लोखंडी घमेल्यात काढा, तांब्याभर पाणी घाला आणि मगच न्या. कोठ्यात डासांसाठी गोवरीची धुरी करता तीही घमेल्यातच, जनावराच्या लाथेपासून लांब, आणि माणूस जागा असेपर्यंतच. होळीच्या रात्री घरी आणलेल्या विस्तवालाही हेच लागू.

लाइन आणि कूलर

महावितरणच्या खांबावरून घरापर्यंत आलेली केबल टिनाच्या कडेला घासत असेल तर तिथून सुरुवात करा. टिनाची धार वाऱ्यानं हळूहळू आवरण कापते आणि एके दिवशी सगळं छत करंट धरतं. ते काम स्वतः करू नका. १९१२ वर तक्रार द्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि लाइनमनच्या मागे लागा. मागे लागल्याशिवाय होत नाही, हे तुम्हाला कळेलच.

घरात मेन स्विच कुठे आहे ते पोरासोरांसकट सगळ्यांना माहीत हवं आणि पोतं-कणगी न हलवता तिथे हात पोचला पाहिजे. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधणं ही गावोगावची युक्ती आहे. त्या तारेनं फ्यूज वाचतो आणि मग भिंतीतली वायर तापते. त्याऐवजी एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवा आणि त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. करंट बाहेर गळला की तो लाइन तोडतो. आगीपेक्षाही जास्त वेळा तो शॉकपासून जीव वाचवेल, म्हणून दोन-अडीच हजारांचा हा एक खर्च मी आधी करायला सांगेन. आर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओता. कोरड्या मातीत आर्थिंग नावापुरतंच राहतं.

आता कूलर. मार्चमध्ये अडगळीतून काढलेला लोखंडी कूलर तसाच लावू नका. आधी जुन्या गवताच्या जाळ्या बदला, मोटारीवरची धूळ काढा, वायर उंदरानं कुरतडली आहे का पाहा आणि तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच सॉकेटात लावा. कूलर खुल्या खिडकीबाहेर, पत्र्याच्या छपरीखाली असतो आणि खिडकीच्या आत पडदा, गादी. पाणी संपलं, पंप बंद पडला, गवत खडखडीत वाळलं आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर त्या जळलेल्या वार्निशच्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. मोटार जळते आहे. पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं.

पाणी आणि हत्यारं

“आमच्याकडे बोअर आहे” हे उत्तर आगीच्या वेळी कामाचं नाही. आग लागली की पहिलं काम लाइन बंद करणं, आणि लाइन बंद म्हणजे मोटार बंद. एरवीही शेतीची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. म्हणून हातानं उपसता येईल असं पाणी हवं. दोनशे लिटरचे दोन ड्रम, एक घराजवळ, एक कोठ्याजवळ, आणि प्रत्येकापाशी दोन बादल्या. बादल्या घरात नेऊन वापरल्या जातातच, म्हणून त्यांना लाल रंग द्या किंवा दोरीनं ड्रमलाच बांधा. टंचाईच्या गावात ड्रम भरून ठेवणं जिवावर येतं, मान्य आहे. तिथे जनावरांचा हौद हाच आगीचा साठा समजा आणि रात्री झोपण्याआधी तो अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

तुमच्या घरात आधीपासून असलेलं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. सोळा लिटर पाणी, लांब नळी, बॅटरीवर चालणारा. गवताची आग, पाख्याला लागलेली ठिणगी, गंजीची कड यांवर बादलीपेक्षा तो नेमका पडतो आणि पाणी वाया जात नाही. मात्र तणनाशकाचा, औषधाचा पंप तसाच उचलू नका. आत उरलेलं औषध पेटू शकतं आणि त्याची वाफ विषारी असते. एक पंप धुऊन फक्त पाण्यासाठी ठेवा, चार्ज करून.

बाकी सामान थोडकंच: रेतीच्या दोन बादल्या, फावडं, कुऱ्हाड, लांब दांड्याचं दाताळं, छपरावर चढायला शिडी, दोन रिकामी ज्यूटची पोती (भिजवून आपटायला), बॅटरी. एक जाड घोंगडी वेगळी ठेवा. लोकर सहज पेट घेत नाही.

अग्निशामक सिलिंडर घ्यायचाच असेल तर चार किंवा सहा किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय शिक्क्याचा घ्या. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरायची, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे झाडत जायचं. पावडर काही सेकंदांतच संपते, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या किंवा स्विचबोर्डाच्या नुकत्या लागलेल्या आगीसाठीच. कुटाराच्या गंजीवर त्याचा उपयोग नाही. उन्हात ठेवू नका आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा पाहा.

पेट्रोल-डिझेलच्या कॅन आणि शेतीची औषधं घराच्या बाहेर, कुलपात. गावात बाटलीतून पेट्रोल मिळतं आणि ती बाटली हमखास दाराआड उभी राहते. ती आजच हलवा.

माणसं बाहेर, मग जनावरं

जुन्या घरांना एकच दार आणि खिडक्यांना गज असतात. मागच्या बाजूला दार काढता येत असेल तर काढा. भाड्याचं घर असेल तर निदान एका खिडकीचे गज बिजागरीवर उघडतील असे करून घेण्याबद्दल मालकाशी बोला. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली दाराशेजारच्या खिळ्यालाच. उशीखाली नको. म्हाताऱ्या माणसाची खाट दाराजवळ, माळ्यावर कोणी नाही.

कोण कोणाला काढणार हे नावं घेऊन ठरवा: आजीला मोठा पोरगा, तान्ह्याला आई. भेटायची जागा एकच, घरापासून लांब, अंधारातही सापडेल अशी. मारुतीचा पार किंवा शाळेचा हातपंप चालेल. तिथे माणसं मोजायची. लहान पोरं घाबरून पलंगाखाली, कणगीमागे लपतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की धूर दिसला की लपायचं नाही, पाराकडे पळायचं. एकदा रात्री, दिवे बंद करून, सगळ्यांनी हे करून पाहा. पोरांना मजा वाटते आणि वाट पायांना कळते.

धूर वर साचतो, म्हणून ओणवं किंवा रांगत निघा. बंद दार असेल तर हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. गरम लागलं तर उघडू नका. बाहेर आल्यावर दागिने, कागद, पैसे यांच्यासाठी परत आत जायचं नाही. हे आधीच टाळायचं असेल तर सातबारा, आधार, पासबुक, जमिनीची खरेदी यांचे फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा आणि मूळ कागद दाराजवळच्या एकाच पत्र्याच्या पेटीत.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. जागच्या जागी जमिनीवर पडून लोळा, तोंड हातांनी झाका. दुसऱ्यानं घोंगडी किंवा सुती गोधडी टाकावी. नायलॉनची साडी किंवा ब्लँकेट टाकलं तर ते वितळून कातडीला चिकटतं.

कोठ्यात साखळीनं बांधलेली गुरं आगीत जागच्या जागी जातात. या आठवड्यात एखाद्या दिवशी बसून सगळ्या साखळ्या काढा आणि सुताचं दावं लावा, एका झटक्यात सुटेल अशा सरकफासाचं. कोठ्याच्या दाराबाहेर एक धारदार विळा कायम टांगा. गाठ सुटली नाही तर दावं कापायचं. गाय-बैल घाबरले की दाराकडे येत नाहीत, उलट गव्हाणीकडे सरकतात. डोळ्यांवर ओलं पोतं टाकून, नेहमीच्या आवाजात बोलत न्यावं लागतं. वासरू आधी काढलं तर गाय मागे येते. बाहेर काढलेलं जनावर सवयीनं परत कोठ्यात शिरतं, म्हणून दार ओढून घ्या किंवा कोणाला तरी तिथे उभं करा. आणि छप्पर पेटलेलं असेल तर कोठ्यात जाऊ नका.

फोन

११२ किंवा १०१. सोबत तालुक्याच्या नगरपरिषदेच्या अग्निशमनचा थेट नंबर दिवसा जाऊन आणा, खडूनं भिंतीवर लिहा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हाही. भाजल्यास १०८.

फोनवर गावाचं नाव तेवढं पुरत नाही. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव जिल्ह्यात अनेक असतात. खुर्द की बुद्रुक, तालुका कोणता, कोणत्या रस्त्यावर कोणत्या फाट्यानं आत यायचं आणि काय पेटलंय (घर, कोठा, कापूस, आत सिलिंडर आहे का) हे सांगा. मग एक पोरगा मोटारसायकलवर फाट्यावर पाठवा. गल्लीत उभे ट्रॅक्टर, बंड्या (बैलगाड्या) आधी हलवा, नाहीतर गाडी वेशीतच अडते. देवळाच्या भोंग्यावरून गावाला बोलवा आणि ज्यांच्याकडे फवारणीचे ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर आहेत त्यांची नावं घेऊन बोलवा. नाव घेतलं की माणूस निघतो. येणाऱ्या गर्दीतला प्रत्येक जण बादलीच उचलेल असं नाही, काही मोबाइल उचलतात. त्यांना साखळीत उभं करा.

सिलिंडरच्या तोंडाशीच जाळ असेल, रेग्युलेटरपर्यंत हात पोचत असेल तर जाड ओली चादर टाकून तो बंद करता येतो. सिलिंडर आगीत तापत असेल तर लांब व्हा. तो फुटतो.

भाजलं तर

वाहतं किंवा तांब्या-तांब्यानं ओतलेलं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही. टूथपेस्ट, तूप, शाई, हळद, कोरफडही नाही. दवाखान्यात ते खरवडावं लागतं आणि माणूस ओरडतो. सूज यायच्या आत बांगड्या, जोडवी, करदोटा काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, बाजूनं कापा. फोड फोडू नका. धुतलेल्या सुती कापडानं सैल झाका आणि न्या. मोठा भाग भाजला असेल किंवा लहान मूल असेल तर पाणी ओतताना बाकी अंग झाकून ठेवा, नाहीतर अंग गार पडतं. तोंड भाजलंय, आवाज घोगरा झालाय, नाकात काजळी दिसते असं असेल तर वरून बरा दिसणारा माणूसही ताबडतोब हलवा. आतून श्वासनळी सुजत असते.

विझल्यावर

जळालेलं लगेच झाडून टाकू नका. तलाठ्याला कळवा, पंचनामा होऊ द्या, त्याआधी स्वतः सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढा. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे, त्यामुळे तहसीलकडून मदत मागता येते. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत माणूस दगावल्यास ४ लाख, दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये धरले होते. जनावर मेलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय पुरू नका, आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर पंचनाम्यात लिहून घ्या. बिल्ला अजून मारला नसेल तर हा आठवडा त्यासाठी चांगला आहे.

तारेच्या घर्षणानं आग लागली असेल तर महावितरणला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकांच्या तपासणीची मागणी करा. भरपाईच्या मागणीत त्यांच्या अहवालाला वजन असतं. सिलिंडरचा अपघात असेल तर एजन्सीला त्याच दिवशी लेखी द्या. तेल कंपन्यांचा विमा असतो, आणि तिथे नोंदणीचा पत्ता व आयएसआय शिक्क्याची नळी-रेग्युलेटर या गोष्टी विचारल्या जातात. कोणी मुद्दाम लावल्याचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार, तीही त्याच दिवशी. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा: कुटार किती बंड्या होतं, कापूस किती क्विंटल, पत्रे किती, सगळं उतरलंय का. मग तिथेच त्याचा फोटो काढून घ्या. पुढे तहसीलच्या प्रत्येक टेबलावर तोच कागद मागतात.